जुन्या डेस्कटॉपचे यूएसबी पोर्ट एकेक करून बंद पडतात तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय धरून चाललोय ते कळेल. सेवा केंद्रातलं मशीन २०१३चं आहे. एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे यूएसबी वगैरे सांभाळणारी मुख्य चिप) मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, विंडोज १०. पुढचे दोन यूएसबी पोर्ट गेल्या पावसाळ्यापासून बंद आहेत. मागे सहा पोर्ट. त्यातले लॅन सॉकेटच्या खालचे दोन बंद, मधल्या दोनवर पेनड्राइव्ह चालतो पण अंगठ्याचं मशीन (आधारसाठी बोटाचा ठसा घेणारं) मध्येच डिस्कनेक्ट होतं, आणि गोल कीबोर्ड सॉकेटजवळच्या दोनवर कीबोर्ड-माऊस ठीक चालतात. एकाने सीपीयू दुकानात नेला, फॉरमॅट मारला, दोन दिवसांनी परत दिला. त्याच्याकडे सगळे मागचे पोर्ट चालले, तुमच्याकडेही आठवडाभर चालले, मग परत तेच. दुसरा म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीन मशीन घ्या. आणि शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की सीपीयूच्या डब्याला हात लावला की कधीकधी मुंग्या येतात.

ते शेवटचं वाक्य माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. त्याच्याकडे येतोच. पण त्याआधी त्या आठवड्याबद्दल बोलू, कारण अर्धं निदान तिथेच आहे.

लॅनखालचे दोन पोर्ट बंद होते, ते चालू झाले आणि परत बंद पडले. जळालेला पोर्ट परत चालू होत नाही. यूएसबीच्या डेटा लाइनी चिपसेटमध्ये आतून शॉर्ट झाल्या की कायमच्या गेल्या; फॉरमॅट करा नाहीतर नवीन विंडोज टाका, त्या येत नाहीत. ज्या अर्थी ते आठवडाभर व्यवस्थित चालले, त्या अर्थी बोर्ड गेलेला नाही, निदान त्या दोन पोर्टांपुरता तरी नाही. आणि फॉरमॅटने दुरुस्त झाले असंही मला वाटत नाही. त्या दोन दिवसांत आणखी काय काय बदललं ते बघा. सीपीयूची पिन भिंतीतून निघाली आणि काही तास निघालेलीच राहिली. तुमच्या टेबलावरच्या सगळ्या वायरी सुटल्या. आणि मशीन दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या अर्थिंगवर चाललं. या तीनपैकी एकाने किंवा तिन्हींनी मिळून काम केलं.

डेस्कटॉप बंद केला तरी एसएमपीएस, म्हणजे डब्यातला वीज पुरवणारा खोका, झोपत नाही. भिंतीचं बटण चालू असेपर्यंत ५ व्होल्टची एक वेगळी स्टँडबाय लाइन बोर्डाला मिळत राहते, तीच ती २४ पिनांच्या कनेक्टरमधली जांभळी वायर. बऱ्याच बोर्डांवर यूएसबी पोर्टांना याच लाइनीवरून वीज जाते, म्हणून तर मशीन बंद असताना माऊसचा लाल दिवा चालू दिसतो. एखाद्या झटक्याने यूएसबीचा भाग गोंधळून अडकला तर रीस्टार्ट करून उपयोग नसतो, कारण त्याची वीज कधी पूर्ण जातच नाही. त्यामुळे आज संध्याकाळी हे करा: मशीन शटडाउन करा, भिंतीचं बटण बंद करून पिन काढा, सगळी यूएसबी उपकरणं काढा, मग सीपीयूचं पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी फक्त कीबोर्ड आणि माऊस लावून सुरू करा आणि माऊस एकेका पोर्टमध्ये फिरवा.

माऊस हा गरिबाचा टेस्टर आहे. खालचा दिवा लागला म्हणजे त्या पोर्टला ५ व्होल्ट आहेत. दिवा लागला पण बाण हलला नाही, तर वीज आहे, डेटा नाही. दिवाच नाही, तर वीज पोचत नाही. कोणत्या पोर्टवर काय झालं ते कागदावर लिहा, पाठीमागचं चित्र काढून. मला विचाराल तर कुठलाही स्क्रू काढण्याआधी हा कागद हवा. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांतला एखादाच असा कागद घेऊन येतो आणि त्याचं काम निम्म्या वेळात होतं.

कागदाचा अर्थ असा लावायचा. पाठीमागचे पोर्ट जोडीने बसवलेले असतात आणि बहुतेक बोर्डांवर एका जोडीला मिळून एक पॉलीफ्यूज असतो, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, सपाट, बहुधा हिरवट किंवा काळी पट्टी. साध्या फ्यूजसारखा तो वितळत नाही. जास्त करंट गेला की तापतो, त्याचा रोध प्रचंड वाढतो, वीज अडते. थंड झाला की परत वाट देतो. पण वारंवार तापलेला पॉलीफ्यूज पहिल्यासारखा होत नाही, त्याचा रोध थोडा वाढलेलाच राहतो. त्याला तास-दिवस विश्रांती मिळाली की तो बराच सुधारतो आणि कामाला लागला की पुन्हा ढेपाळतो. तुमच्या लॅनखालच्या जोडीची गोष्ट मला हुबेहूब हीच वाटते: दोन्ही पोर्ट एकदम गेले, एकदम आले, एकदम परत गेले. दोघांतला एकच गेला असता तर मी त्या एका पोर्टचं तोंड किंवा त्याची डेटा लाइन तपासली असती. जोडी गेली की वीज बघायची.

मग फ्यूज तापवलं कोणी? यूएसबी २.०चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देण्यासाठी बनवलेला आहे, ३.०चा ९००. तुम्ही लिहिलंय की लॅनखाली मोबाइल चार्जिंगची वायर कायम लावलेली असते आणि दुसऱ्यात वीज गेल्यावर चालणारा छोटा पंखा. हा पंखा कॉम्प्युटरला विचारून करंट घेत नाही. त्याला मिळेल तेवढा तो ओढतो, आणि पात्याला धूळ लागून मोटर जड झाली की आणखी ओढतो. गिऱ्हाइकाचा फोन २ टक्क्यांवर असतो, तोही तिथेच लागतो. पंखा आणि फोन दोन्ही आजच काढा आणि त्यांच्यासाठी भिंतीवर साधा मोबाइल चार्जर लावा.

आता मधली जोडी, जिथे पेनड्राइव्ह चालतो पण अंगठ्याचं मशीन डिस्कनेक्ट होतं. सेवा केंद्रांत मी एक गोष्ट हमखास पाहतो. काउंटरच्या पलीकडे उभ्या माणसाला अंगठा ठेवता यावा म्हणून ३ मीटरची एक्स्टेन्शन वायर लावलेली असते, स्वस्तातली, बारीक तारेची. अशा वायरीत वीज नेणारी तार बहुतेक २८ गेजची असते, तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. ३ मीटर जाताना, ३ मीटर येताना, म्हणजे जवळपास १.३ ओहम. उपकरणाने ३०० मिलिअँपिअर घेतले की वाटेतच ०.३८ व्होल्ट गळाले. पोर्टवर ४.८ असतील तर टोकाला ४.४ उरले, आणि यात उपकरणाची स्वतःची वायर आणि दोन सैल जोड मोजलेलेच नाहीत. नुसतं लावलं तर डिव्हाइस दिसतं, अंगठा ठेवल्यावर आतला दिवा लागतो, करंट वाढतो आणि त्याच क्षणी ते गळतं. तुम्ही 'बरोब्बर अंगठा ठेवला की जातं' असं लिहिलंय ते म्हणूनच. एक्स्टेन्शन काढून थेट मागच्या पोर्टला लावून दिवसभर काम करून बघा. फरक पडला तर जाड तारेची, दीड मीटरच्या आतली वायर घ्या.

वीज मोजायची असेल तर यूएसबीत खोचायचा छोटा मीटर मिळतो, किमतीला दोन-चारशेच्या घरातला. पोर्ट आणि उपकरण यांच्यामध्ये तो लावला की व्होल्ट आणि करंट दोन्ही दिसतात. पोर्टवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. नुसता रिकामा पोर्ट मोजून समाधान मानू नका, रिकामा असताना मरायला टेकलेला पोर्टही ५ दाखवतो. अंगठा ठेवत असताना बघा. तिथे आकडा ४.५च्या खाली घसरला तर प्रश्न विजेचा आहे, विंडोजचा नाही. मग मल्टीमीटरने एसएमपीएसच्या चार पिनांच्या कनेक्टरवर लाल आणि काळ्या तारेत मोजायचं. हे काम मशीन चालू ठेवून, डबा उघडा असताना करायचं असतं, त्यामुळे ते माहितगाराकडूनच करून घ्या, आणि अर्थिंग तपासून झाल्यावरच. तिथे ५.०५ आणि पोर्टवर ४.५, म्हणजे वाटेतला पॉलीफ्यूज किंवा पोर्टचं तोंड. तिथेच ४.७, म्हणजे एसएमपीएस थकला. बारा वर्षांच्या एसएमपीएसमध्ये कपॅसिटर फुगलेले निघाले तर मला आश्चर्य वाटत नाही. तो एकदा बदलला की यूएसबीबरोबर अधूनमधून मशीन आपोआप रीस्टार्ट होण्याची तक्रारही गेलेली मी कितीदा पाहिली आहे.

आता मुंग्यांकडे येतो.

डेस्कटॉपच्या एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून डब्याच्या पत्र्याला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. विजेतला खरखराट अर्थमध्ये सोडून देणं हे त्यांचं काम. अर्थ नीट असेल तर तो खरखराट मुकाट्याने जमिनीत जातो. अर्थ नसेल तर दोन सारख्या कपॅसिटरांच्या मधोमध डबा लोंबकळत राहतो आणि त्याच्यावर निम्मं व्होल्टेज येतं, २३०चे साधारण ११५. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण याचा अर्थ तिसरी पिन नावापुरती आहे. उद्या एसएमपीएसच्या आत एखादी तार पत्र्याला टेकली तर पूर्ण २३० व्होल्ट डब्यावर येतील आणि ते घेऊन जायला जमीन नसेल. तुमच्याकडे पावसाळ्यात लोक ओल्या पायांनी येतात, जुनी माणसं चपला दाराबाहेर काढून येतात. अंगठ्याच्या मशीनला धातूची कड असेल तर ती यूएसबी वायरीच्या जाळीतून डब्याला जोडलेली असते. आमच्याकडे एका केंद्रात एक आजोबा अंगठा ठेवत आणि झटकन काढून घेत. ऑपरेटर समजत होता त्यांना नीट ठेवता येत नाही, तीनदा बोलला त्यांना. मी स्वतः चप्पल काढून, ओल्या फरशीवर उभा राहून त्या कडेला बोट लावलं तेव्हा कळलं. पेन्शनसाठी आलेल्या माणसाला आपण झटका देत होतो. तेव्हापासून मी अर्थिंग बघितल्याशिवाय सेवा केंद्रातल्या कुठल्याही मशीनला हात लावत नाही.

पोर्टांचं नुकसानही याच वाटेने होतं. यूएसबीच्या पिनच्या तोंडात डोकावून बघा: चार सोनेरी पट्ट्यांपैकी बाहेरच्या दोन जास्त पुढे आलेल्या असतात, मधल्या दोन मागे. बाहेरच्या दोन म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंड, मधल्या दोन डेटाच्या. बनवणाऱ्यांनी मुद्दाम असं केलंय, म्हणजे खोचताना आधी ग्राउंड जुळेल आणि मग नाजूक डेटा लाइनी जोडल्या जातील. पण पोर्ट सैल झाला, पिन तिरकी गेली, किंवा मागे हात घालून चाचपडत खोचली की हा क्रम चुकू शकतो. प्रिंटर भिंतीच्या एका सॉकेटवर, सीपीयू दुसऱ्यावर, दोन्हींना खरा अर्थ नाही, म्हणजे दोघांचे पत्रे वेगवेगळ्या व्होल्टेजवर. जोडताना जी बारीक ठिणगी पडते ती डेटाच्या पिनेतून गेली तर चिपसेटपर्यंत जाते. कधी पोर्ट लगेच जातो. बहुतेक वेळा जात नाही, आतून दुबळा होतो आणि महिन्यांनी जातो, तेव्हा कोणाला त्या ठिणगीची आठवण नसते.

चांगल्या वायरमनला बोलवा आणि त्याच्याकडून सॉकेटवर तीन मोजमापं घ्या. फेज-न्यूट्रल साधारण २३०. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे दाखवून आकडा डोलत असेल तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे किंवा जोडलेलीच नाही. मल्टीमीटरला नुसता आभासी आकडाही दिसू शकतो, म्हणून वायरमन दिव्याचं होल्डर लावून खात्री करेल, ते करू द्या. मेनला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर तो त्या वेळी पडेल, घाबरू नका. आपल्या कोकणात जांभ्यात अर्थिंगचा खड्डा नीट काम करत नाही, उन्हाळ्यात तर सुकून जातो. खड्ड्यात पाणी घालायची जुन्या लोकांची सवय त्यामुळे अगदी बरोबर होती.

एक गोष्ट मात्र करू देऊ नका. काही वायरमन सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनेला मारून देतात. मीटरवर सगळं झकास दिसतं, मुंग्याही जातात. पण बाहेर कुठे न्यूट्रल तुटली तर तुमच्या सीपीयूच्या, प्रिंटरच्या आणि त्या अंगठ्याच्या मशीनच्या पत्र्यावर थेट फेज येते. असा तुकडा दिसला तर तुमच्यासमोर काढायला लावा.

पुढच्या दोन पोर्टांचं निदान वेगळं आहे आणि बहुधा सोपं. पुढचे पोर्ट बोर्डावर नसतातच. डब्याच्या तोंडाशी एक छोटी पट्टी असते आणि तिथून फूट-दीड फूट वायर बोर्डावरच्या नऊ पिनांच्या हेडरला (वायर खोचायच्या उभ्या पिनांना) येते. सगळ्यात जास्त वापर याच पोर्टांचा होतो. मोठ्या यूएसबी पिनेच्या पोर्टाचं आयुष्य मानकाप्रमाणे १,५०० वेळा लावण्या-काढण्याचं धरलेलं आहे. सेवा केंद्रात रोज पाच-सहा पेनड्राइव्ह लागले तर ते वर्षाभरात संपतं. तुमचे पोर्ट पावसाळ्यात गेले हेही लक्षात घ्या. मोबाइलची टॉर्च तिरकी धरून आत बघा. पांढरी जीभ सरळ आहे का, वरच्या चार पट्ट्या एका रेषेत आहेत का, कुठे हिरवट बुरशीसारखं दिसतंय का. ते हिरवट म्हणजे तांब्यावर चढलेलं जंग, खाऱ्या दमट हवेत ते फार लवकर येतं.

२२ जुलै २०२१च्या पुरानंतर चिपळूणमधून माझ्याकडे डबेच्या डबे आले. ज्यांचे बोर्ड पहिल्या दोन-तीन दिवसांत स्वच्छ पाण्याने आणि मग अल्कोहोलने धुऊन सुकवले ते चालले. पण त्यांतही सहा महिन्यांनी परत आलेल्यांची पहिली तक्रार एकच: यूएसबी. बोर्ड धुतला जातो, पोर्टाच्या पत्र्याच्या आतला बारीक गाळ तसाच राहतो आणि पट्ट्या खात बसतो. म्हणून पोर्ट साफ करायचा तर नीट करा. मशीनची पिन काढून, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशचे कापून बारीक केलेले केस, किंवा जिभेच्या जाडीचा पुठ्ठा त्यात भिजवून. हलक्या हाताने पुढेमागे. मग अर्धा तास सुकू द्या. सेंट, सॅनिटायझर, गंज सोडवायचा स्प्रे यांतलं काही घालू नका. त्यात तेल किंवा पाणी असतं. ब्लेड, सुई, स्क्रूड्रायव्हर अजिबात नको.

जीभ तुटलेली असेल तर तो पोर्ट वापरायचा नाही हे तर झालंच, पण तो जोडलेलाही ठेवायचा नाही. आतल्या पट्ट्या वाकून पत्र्याला टेकतात आणि ५ व्होल्ट शॉर्ट होतात. माझ्याकडे एक झेरॉक्सवाला नवीन एसएमपीएस घालून आला होता, कारण मशीन सुरू झालं की काळ्या पडद्यावर 'यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट स्टेटस डिटेक्टेड' असं यायचं आणि १५ सेकंदांनी बंद व्हायचं. एसएमपीएस बदलून काय होणार? पुढच्या पोर्टाची वायर हेडरवरून उपसली, मशीन सुरू झालं. तुमच्याकडेही पुढच्या पोर्टांची वायर काढून ठेवून बघा. कधीकधी पुढचा अर्धवट शॉर्ट मागच्या पोर्टांनाही त्रास देतो, विशेषतः एकाच लाइनीवर असतील तर. वायर परत लावताना हेडर नीट वाचून लावा. जुन्या काही बोर्डांवर फायरवायरचं (यूएसबीसारख्याच एका जुन्या जोडणीचं) हेडर दिसायला तंतोतंत यूएसबीसारखं असतं आणि त्यावर १२ व्होल्ट असतात. तिथे चुकून लावलेल्या वायरीत पेनड्राइव्ह घातला की तो गेलाच. नवीन फ्रंट पॅनेलची पट्टी वायरीसकट बाजारात मिळते, दुरुस्तीपेक्षा ती बदलणं स्वस्त पडतं.

विंडोजबद्दल थोडं लिहितो. तुमच्या तक्रारीत त्याचा वाटा मला लहान वाटतो, पण शून्य नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की शटडाउन पूर्ण होत नाही, ड्रायव्हर जुन्याच अवस्थेत परत उठतात. तिथेच प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढा. अंगठ्याची मशीनं या झोपवण्या-उठवण्याला फार कंटाळतात, ती उठली तरी आरडी सर्व्हिसला, म्हणजे अंगठ्याच्या मशीनला आधारशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमला, पत्ता लागत नाही आणि ती सर्व्हिस 'डिव्हाइस नॉट रेडी' म्हणत बसते. कोणी यूएसबीचे कंट्रोलर अनइन्स्टॉल करायला सांगितलं तर आधी गोल पिनेचा पीएस/टू कीबोर्ड लावा. नाहीतर त्या क्षणी कीबोर्ड आणि माऊस दोन्ही जातात.

खरी खात्री करायची तर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून मशीन सुरू करा, हार्डडिस्कला हात न लावता. जो पोर्ट विंडोजमध्ये बंद आणि लिनक्समध्येही बंद, त्यासाठी फॉरमॅटचे पैसे पुन्हा कोणाला देऊ नका. आणि लिनक्समध्ये दिवसभर सुरळीत चालला तर मी म्हणेन की माझं विजेचं निदान त्या पोर्टापुरतं चुकलं, ड्रायव्हर बघू.

दुरुस्तीवाल्यासाठी दोन ओळी, त्याला वाचून दाखवा. लॅनखालच्या जोडीचा पॉलीफ्यूज मोजून, तेवढ्याच क्षमतेचा नवा लावायचा. त्याच्या जागी तारेचा तुकडा टाकायचा नाही. हा तुकडा मी इतक्या बोर्डांवर पाहिलाय की वाईट वाटतं. पुढच्या शॉर्टला फ्यूजऐवजी बोर्डाचा ट्रॅक जळतो आणि मग खरंच बोर्ड जातो. मधल्या जोडीच्या डेटा लाइनी मशीनची पिन काढून, मीटर डायोडवर ठेवून, लाल टोक ग्राउंडला आणि काळं डेटाच्या पिनेला लावून मोजायच्या, आणि कीबोर्डच्या चांगल्या पोर्टाशी ताडून बघायच्या. दोन्ही डेटा पिनांचे आकडे सारखे आणि चांगल्या पोर्टाजवळचे हवेत. एकीचा शून्याकडे गेला असेल तर तो पोर्ट टेपने बंद करून टाकायचा.

नवीन मशीन घ्यायचं का? पोर्टांसाठी नाही. पण विंडोज १०ला नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, आणि तिसऱ्या पिढीचा आय३ विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाही. तुमच्या मशीनवर लोकांचे आधार आणि बँकेचे व्यवहार होतात. त्यामुळे येत्या वर्षात नवीन मशीनसाठी पैसे बाजूला काढायला लागा, एवढं मी मनापासून सांगेन. बोर्ड गेल्याच्या भीतीने उद्याच्या उद्या कर्ज काढू नका.

तोपर्यंतचा उपाय म्हणून बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेसचा छोटा स्लॉट रिकामा असेल तर यूएसबी ३.०चं कार्ड लावा, हजाराच्या आतबाहेर मिळतं. एच६१मध्ये स्वतःचं यूएसबी ३.० नाहीच, त्यामुळे पेनड्राइव्हच्या कॉपीचा वेगही वाढेल. कार्ड असं घ्या ज्याला एसएमपीएसमधून वेगळी वीज द्यायचं कनेक्टर आहे, आणि ती वायर खरंच लावा. अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचं टोकन कार्डावर, प्रिंटर मधल्या जोडीत. प्रिंटरचा पोर्ट बदलला की विंडोज त्याची 'कॉपी १' नावाने दुसरी नोंद करतं आणि प्रिंट जुन्या नावाला अडकून राहतात. नवीन नोंद डीफॉल्ट करून जुनी पुसा. बिनतारी माऊस असेल तर त्याचा डोंगल कार्डाच्या निळ्या पोर्टांपासून लांब ठेवा, यूएसबी ३.०चा खरखराट त्याच्या २.४ गिगाहर्ट्झमध्ये घुसतो आणि बाण अडखळतो. हब घ्यायचाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला. तो लावल्यावर मशीन बंद असताना डब्याचा दिवा मंद पेटलेला दिसला किंवा पंखा थरथरला तर तो हब उलटी वीज सोडतोय, त्याच दिवशी परत करा.

पण कार्ड सगळ्यात शेवटी. तुटक्या अर्थिंगवर लावलेलं नवीन कार्ड मी एका पावसाळ्यात दोनदा बदललेलं आहे, गिऱ्हाइकाच्या पैशाने, कारण मी तेव्हा सॉकेट मोजलं नव्हतं. वायरमन येऊन गेला की न्यूट्रल आणि अर्थमधला आकडा मला कळवा, पोर्टांचा तो कागदही फोटो काढून पाठवा. आकडा ५ व्होल्टच्या वर असेल तर कार्ड खोक्यातच राहू द्या आणि वायरमनला परत बोलवा.